बसून घडवणाऱ्यांची विलायती ऐरण

गावगाड्यातल्या लोहाराची ऐरण म्हणजे बाभळीच्या ओंडक्यात ठोकलेला लोखंडाचा चौकोनी ठोकळा. लोहार तिच्यापुढे बसून घडवी; घण घालायला बऱ्याचदा घरचीच बाई उभी असे. मजुरी बलुत्याची, खळ्यावर धान्यात मिळणारी. आमच्या घरात चालत आलेली ऐरण मात्र निराळी आहे. एका टोकाला शिंग, दुसऱ्या टोकाशी एक चौकोनी आणि एक गोल भोक. ही विलायती घडण.

बाजूवर खडू घासला तशी अक्षरं वर आली : पीटर राइट, पेटंट. खाली १-२-१०. हे साल नव्हे, वजन. पहिला अंक हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा; दुसरा त्याच्या पाव हिश्शाचा, २८ पौंडांचा; तिसरा सुट्या पौंडांचा. एकूण १७८ पौंड, सुमारे ८१ किलो. कारखाना इंग्लंडात डडलीला. अंग घडीव लोखंडाचं, वर भट्टीत तापवून जोडलेली पोलादाची पाटी. बेअरिंगची गोळी वीतभर उंचीवरून सोडत गेले. पाटी सुटली असेल तिथे गोळी मरते, आवाज बद्द येतो. आमची पाटी या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत निघाली.

धान्यावर जगणाऱ्या बलुतेदाराला असा माल घेणं अवघड. पणजोबा जीआयपी रेल्वेच्या परळ कारखान्यात लोहारकामाला होते. तो कारखाना १८७९ चा. ही ऐरण रोख पगारातून आली, असं मी मानते.

विलायती लोहार उभ्यानं काम करतो. हात खाली सोडला की मूठ येते, तेवढी त्याची ऐरण उंच. आमचा ओंडका जमिनीत इतका खोल पुरलेला, की पाटी बसल्या माणसाच्या हाताशी येते. कडाही बसायच्या बाजूच्याच झिजल्यात. परळला उभ्यानं राबलेला माणूस गावी परतून पुन्हा मांडी घालून फाळ पाजवू लागला. नवं हत्यार त्यानं घेतलं, पण ते आपल्या बैठकीला जुळवून.

म्हणून पाटी घासून सपाट करायला मी ठाम नकार देते. घासली तर कठीण थर जाईल, वेल्डिंगनं कडा भरल्या तर पोलादाचं पाणी उतरेल, आणि दोन्हींत ही झीज पुसली जाईल. तुमच्या घरी अशी ऐरण असेल, तर हलवण्याआधी ओंडक्याची उंची मोजा आणि कोणती कड झिजली ते लिहून ठेवा. वजन तर भंगारवालाही करील. घडवणारा कुठे आणि कसा बसत होता, ते घरच्यांनीच टिपायला हवं.