आधारस्थानके, उपग्रहीय (जपान)
आधारस्थानके, उपग्रहीय (जपान) : कृत्रिम उपग्रहांचे रेडिओ संदेश अखंड ग्रहण करून स्वतःचे स्थान सतत निश्चित करणाऱ्या व भूमापनास आधारभूत असलेल्या स्थिर केंद्रांचे राष्ट्रव्यापी जाळे. हे जाळे ‘जिओनेट’ या नावाने ओळखले जाते.

जपानमधील आधुनिक त्रिकोणीय सर्वेक्षणाचा पाया मेजी कालखंडात (१८६८–१९१२) घातला गेला. टोकिओच्या वेधशाळेतील एक बिंदू १८९२ मध्ये अक्षांश-रेखांशांचा मूलबिंदू मानण्यात आला. तेथील ओळंब्याचे स्थानिक विचलन व तेव्हा स्वीकारलेल्या विवृत्ताभाची मापे यांमुळे ही पद्धती आणि जागतिक पद्धती यांत टोकिओजवळ सु. ४५० मी. अंतर पडे. शिवाय एकदा रोवलेल्या त्रिकोण-स्थानकाचे स्थान कायम असते, असे गृहीत धरूनच नकाशे व जमिनींच्या हद्दी निश्चित होत. अनेक भूपट्टांच्या संधिप्रदेशात वसलेल्या या देशात ते गृहीत टिकणारे नव्हते.

राष्ट्रीय भूगोल सर्वेक्षण संस्थेने १९९४ मध्ये २१० स्थानके कार्यान्वित केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये होक्काइडोच्या पूर्वेस झालेल्या भूकंपाने सरकलेली जमीन त्यांनी मोजली. कोबेच्या भूकंपानंतर (१७ जानेवारी १९९५) विस्तारास वेग आला. १९९६ मध्ये स्थानके सु. ६१० झाली व पुढे सु. १,३०० पर्यंत पोहोचली. त्यांतील सरासरी अंतर सु. २० किमी. आहे. सु. ५ मी. उंचीच्या पोलादी स्तंभावर आकाशक (अँटेना) बसविलेला असतो. एकाच वेळी आधारस्थानकावर व मोजणीच्या ठिकाणी घेतलेल्या वेधांतील समाईक त्रुटी परस्परांत वजा होतात आणि काही सेंमी.पर्यंत अचूक स्थान मिळते. त्यामुळे दोन स्थानके परस्परांना दिसण्याची, त्यासाठी डोंगरमाथे गाठण्याची गरज उरली नाही.

१ एप्रिल २००२ पासून सुधारित भूमापन कायद्याने जागतिक पद्धती स्वीकारण्यात आली. भूकवचाच्या संथ हालचालींमुळे साचणारा फरक दुरुस्त करण्याची रीत २०१० मध्ये सुरू झाली.

या व्यवस्थेची खरी कसोटी ११ मार्च २०११ च्या भूकंपाने लागली. ओशिका येथील स्थानक सु. ५·३ मी. सरकले व सु. १·२ मी. खचले, टोकिओचा मूलबिंदूही सु. २८ सेंमी. पूर्वेकडे गेला. बाधित प्रदेशातील स्थानांकांचे वितरण थांबवावे लागले, कारण त्यांवर आखलेली हद्द वा रस्ता चुकीच्या जागी पडला असता. जाळ्यातील स्थानकांचे नवे स्थानांक मे अखेरीस प्रसिद्ध झाले. सु. ४३,००० त्रिकोण-स्थानकांचे स्थानांक ऑक्टोबर अखेरीस मिळाले. त्यांपैकी थोड्यांचीच प्रत्यक्ष फेरमोजणी करून उरलेल्यांचे गणिताने सुधारण्यात आले. आधारबिंदू अचल असावा लागत नाही, त्याचे चलन ज्ञात असावे लागते, हे तत्त्व या जाळ्याने भूमापनात रूढ केले.