आग्र्याचा धर्मविवाद (१८५४) : श्रद्धा आणि ग्रंथचिकित्सा

दोन धर्मांच्या पंडितांत झालेल्या वादाचा इतिहास लिहिताना जय कोणाचा झाला हाच प्रश्न बहुधा पुढे येतो. १० व ११ एप्रिल १८५४ रोजी आग्र्यात झालेल्या ख्रिस्ती-मुस्लिम वादाचे महत्त्व मात्र त्याच्या निकालापेक्षा त्यात पुढे आलेल्या प्रमाणांत अधिक आहे.

एका पक्षाचे प्रमुख चर्च मिशनरी सोसायटीचे जर्मन धर्मोपदेशक कार्ल फांडर हे होते. इस्लामच्या खंडनार्थ लिहिलेला त्यांचा ‘मीझानुल हक’ हा ग्रंथ १८३५ मध्ये फारसीत प्रसिद्ध झाला होता. प्रतिपक्षी होते मौलाना रहमतुल्ला कैरानवी व त्यांचे सहकारी डॉ. वझीर खान. वादाचे विषय पाच ठरले होते : नस्ख म्हणजे पूर्वीचे धर्मशास्त्र रद्द होणे, तहरीफ म्हणजे ग्रंथात झालेला फेरफार, त्रैक्य, कुराणाचे ईश्वरदत्तत्व आणि महंमदांचे प्रेषितत्व. प्रत्यक्षात चर्चा दुसऱ्या विषयापुढे गेलीच नाही.

तौरात व इंजील ही ईश्वरदत्त असल्याचे कुराणच सांगते, म्हणून मुसलमानांनी ती मानलीच पाहिजेत, असा फांडर यांचा युक्तिवाद होता. त्यावर तहरीफचे उत्तर जुनेच होते. नवा होता तो पुरावा. डॉ. वझीर खान यांनी इंग्लंडमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले होते, आणि बायबलची चिकित्सा करणारे युरोपीय ग्रंथ त्यांनी सोबत आणले होते. ख्रिस्ती पंडितांचीच साक्ष अशी पुढे आल्यावर काही स्थळी पाठ बदलला असल्याचे फांडर यांना मान्य करावे लागले. मूळ सिद्धांतास मात्र त्याने बाध येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या ग्रंथात फेरफार सिद्ध झाला तो वादात प्रमाण कसा मानावा, असा प्रतिपक्षाचा प्रश्न होता.

यावरून कैरानवींनी ऐतिहासिक चिकित्सापद्धतीचा स्वीकार केला असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. प्रतिपक्षास मान्य असलेले प्रमाण त्याच्यावरच उलटवणे, एवढाच त्यांचा हेतू होता. कुराणाचा पाठ अबाधित आहे ही त्यांच्या दृष्टीने श्रद्धेची बाब होती. १८५७ च्या उठावानंतर ते मक्केस गेले. तेथून पुढे लिहिलेल्या ‘इझहारुल हक’ (१८६४) या ग्रंथामुळे हीच वादपद्धती अरबी जगतात पोहोचली.

सर सय्यद अहमद खान यांनी निराळा मार्ग धरला. ‘तब्यीनुल कलाम’ (पहिला भाग १८६२) या बायबलवरील भाष्यात त्यांनी तहरीफ ही मुख्यतः अर्थाची विकृती मानली. १८८० पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कुराणभाष्यात ईश्वराचे वचन व ईश्वराची सृष्टी यांत विरोध असू शकत नाही, हे तत्त्व त्यांनी स्वधर्मग्रंथासही लावले. अनेक उलेमांचा रोष त्यांनी ओढवून घेतला तो यामुळेच. परक्याच्या ग्रंथाची चिकित्सा करणाऱ्या कैरानवींना अशी किंमत द्यावी लागली नव्हती.

दोष एका धर्माचा नव्हे. कुराणाची बुद्धीने परीक्षा करणारे फांडरही स्वतःच्या ग्रंथाच्या चिकित्सेस सिद्ध नव्हते. मराठी अभ्यासकास येथे १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी केलेले वाद आठवतील. दुसऱ्याच्या ग्रंथास लावलेली कसोटी वादकाने आपल्या ग्रंथास लावली काय, हा प्रश्न तेथेही विचारला पाहिजे. धर्मविवादांच्या इतिहासाचे ते अधिक विश्वसनीय माप होय.