वुड बफेलो राष्ट्रीय उद्यान

* मूळ मजकुरात लेखकाने 'बफेलो'साठी 'रानम्हैस' असा शब्द योजला आहे. तो हस्तलिखिताप्रमाणे कायम ठेवला असला, तरी हा प्राणी म्हैस नव्हे, बायसन आहे. नात्याने तो आपल्या दाजीपूरच्या गव्याला अधिक जवळचा. कॅनडाच्या उत्तर भागात, अल्बर्टा आणि नॉर्थवेस्ट टेरिटरीज यांच्या सीमेवर सुमारे ४४,८०० चौरस किलोमीटर पसरलेले हे उद्यान १९२२ मध्ये उरल्यासुरल्या वनबायसनांच्या रक्षणासाठी स्थापन झाले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात दक्षिणेकडच्या वेनराइट येथून साडेसहा हजारांहून अधिक गवताळ मैदानी बायसन येथे आणून सोडले गेले. प्राणिशास्त्रज्ञांनी आधीच विरोध नोंदवला होता आणि तो खरा ठरला: संकर झाला, शिवाय क्षय व ब्रुसेलोसिस हे रोग कळपांत शिरले. ते आजही गेलेले नाहीत.

हूपिंग क्रेन या पांढऱ्या क्रौंचाची वीण नेमकी कुठे होते, हे पक्षिशास्त्रज्ञांना १९५४ पर्यंत ठाऊक नव्हते. त्या वर्षी वणव्याच्या पाहणीत याच उद्यानाच्या दलदलीत ती सापडली. १९४१ मध्ये जगात हे पक्षी वीस-बावीसच उरले होते. हिवाळा ते टेक्सासच्या किनाऱ्यावर काढतात.

लेखकाने या प्रदेशाला 'निर्मनुष्य' म्हटले आहे, ते मात्र दुरुस्त करायलाच हवे. डेने, क्री आणि मेटी लोक येथे उद्यानाच्या कितीतरी आधीपासून शिकार व मासेमारी करीत आले. १९२६ मध्ये हद्द दक्षिणेकडे वाढवल्यावर अनेक डेने कुटुंबांना घरे सोडावी लागली.

— संपादक