हॉलसँड्स : भरतीची वेळ ठरलेली होती

बाकी सुमारे 20 वर्षं : एप्रिल 1897

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डेव्हन परगण्यात, स्टार्ट पॉइंटच्या दीपगृहाच्या अलीकडे हॉलसँड्स नावाची कोळ्यांची वाडी होती. 1891 च्या शिरगणतीत तिथे 37 घरं आणि 159 माणसं होती. पाण्याचा एक झरा आणि ‘लंडन इन’ नावाचं मद्यगृह, एवढाच काय तो पसारा. पाठीला उभा कडा, पायाखाली खडकाची अरुंद पट्टी, आणि घर अन् समुद्र यांच्यामध्ये गारगोटीच्या गोट्यांची उंच, रुंद पुळण.

पुरुष टोपल्या लावून खेकडे आणि शेवंडी पकडत. मासळीचा थवा किनाऱ्याशी आला की आपल्याकडच्या रापणीसारखं जाळं टाकून सगळी वाडी ते ओढायला उभी राही. होड्या परत येताना लाटा जोराच्या असल्या तर न्यूफाउंडलंड जातीचे थोराड कुत्रे पाण्यात शिरत आणि होडीचा दोर तोंडात धरून पोहत किनाऱ्याला आणत. होड्या ठेवायच्या, जाळी वाळवायची, ती पुळणीवरच.

त्या एप्रिलमध्ये समोरच्या पाण्यात ड्रेजर येऊन उभे राहिले. प्लिमथला डेव्हनपोर्टमध्ये नौदलाच्या कीहॅम गोदीचा विस्तार चालू होता. काँक्रीटसाठी वाळू आणि गोटे हवे होते. कंत्राटदार सर जॉन जॅक्सन यांना ‘बोर्ड ऑफ ट्रेड’ या सरकारी खात्यानं हॉलसँड्स आणि शेजारचं बीसँड्स यांच्यामधल्या पट्ट्यात उपसा करायचा परवाना दिला होता. वाडीला कुणी विचारलं नव्हतं. दिवसाला 1,600 टनांपर्यंत माल निघू लागला.

कोळ्यांनी लगेच तक्रार केली. खासदार फ्रँक मिल्डमे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. चौकशी झाली आणि निष्कर्ष निघाला की काढलेला माल समुद्र पुन्हा आणून टाकेल, घरांना धोका नाही. उपसा चालू असेपर्यंत वर्षाला 125 पौंड कोळ्यांना देण्याचं ठरलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या एका गृहीतकातून घडलं. नदीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळू येते, तशी इथे येत नव्हती. स्टार्ट बे या उपसागरातले गोटे फार जुने. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वर चढत गेली, तेव्हा लाटांनी तळावरचे गोटे ढकलत ढकलत किनाऱ्याला लावले. हा साठा एकदाच झालेला होता. लाटा त्याला इकडून तिकडे हलवत, वादळात ओढून नेत आणि शांत दिवसांत परत आणत. पण जे बोटीत भरून प्लिमथला गेलं, ते परत आणायला समुद्राकडे काही नव्हतं. समुद्राच्या तळाशी खड्डा केला की वरच्या पुळणीतले गोटे घसरत जाऊन तो भरतात. त्यामुळे ड्रेजर पाण्यात काम करत होते, आणि खचत होती घरांपुढची जमीन. कोकणातल्या खाड्यांत सक्शन पंप लागल्यावर किनाऱ्याचे माड कसे मुळासकट कलंडतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाकी 15 वर्षं : 8 जानेवारी 1902

पुळण उतरत चालली होती आणि ते उघड्या डोळ्यांना दिसत होतं. 1900 मध्ये वाडीनं पुन्हा अर्ज केला. 1901 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या तपासनिसानं मात्र स्पष्ट लिहिलं की मोठी वादळं आली तर गंभीर नुकसान होईल, उपसा थांबवावा. 8 जानेवारी 1902 ला परवाना रद्द झाला.

तोवर सुमारे साडेसहा लाख टन माल गेला होता. रिचर्ड हॅन्सफर्ड वर्थ या प्लिमथच्या अभियंत्यानं या किनाऱ्याचा चिकाटीनं अभ्यास केला. पुळण ठिकठिकाणी 7 ते 12 फूट खाली गेली होती. वाडीतल्या कोळ्यांकडे त्याच्यासारखी मोजपट्टी नव्हती, पण पहिल्या दिवसापासून ते जे सांगत होते तेच त्याच्या आकड्यांतून निघालं. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. माहिती होती. ती ज्यांच्याजवळ होती, त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती.

बाकी 13-14 वर्षं

1903-04 च्या हिवाळ्यात वादळांनी काही घरं पाडली. त्यानंतर घरांपुढे बंधारा बांधण्यात आला. पुळण असताना लाट तिच्या उतारावर फुटायची, गोट्यांत जिरायची, आणि घरांपर्यंत फेस पोचला तर पोचायचा. आता तीच लाट सगळा जोर घेऊन बंधाऱ्यावर येत होती. तरी बंधारा बरीच वर्षं टिकला.

बाकी काही तास : शुक्रवार, 26 जानेवारी 1917, दिवसा

अटलांटिकवरून येणारी वादळं या भागात बहुधा नैर्ऋत्येकडून येतात, आणि स्टार्ट पॉइंटचा डोंगर त्यांना अडवतो. वाडीची सगळी तोंडं पूर्वेला. म्हणून हॉलसँड्सला भीती होती ती पूर्वेच्या वाऱ्याची. त्या दिवशी तोच सुटला होता आणि वाढत होता. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती, म्हणजे भरती उधाणाची. वारा भरतीचं पाणी किनाऱ्यावर चढवत होता. एकेका गोष्टीशी वाडीनं पिढ्यान्‌पिढ्या सामना केला होता. वारा, उधाण आणि उघडा पडलेला किनारा या तिन्ही एकाच दिवशी एकत्र आल्या.

अंधार पडल्यावर

भरती चढत गेली तशा लाटा बंधाऱ्यावरून सरळ घरांवर कोसळू लागल्या. काही घरं घट्ट खडकावर होती. काहींच्या खाली खडकातल्या फटी होत्या आणि त्या फटींत नुसती वाळू. पाण्यानं ती वाळू खालून ओढून नेली. लोक मुलाबाळांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन काळोखात, वाऱ्यात, कड्यावर चढले.

मध्यरात्र

चार घरं पुरती नाहीशी झाली होती. धड असं एकही उरलं नव्हतं. आणि तरीही, त्या रात्री एकही माणूस मेलं नाही. कड्याची वाट पायाखालची होती आणि सगळे एकमेकांना ओळखत होते; ज्यानं त्यानं शेजाऱ्याला बाहेर काढलं.

शनिवार, 27 जानेवारी

उजाडल्यावर लोक खाली उतरले. ढिगाऱ्यातून हाताला लागेल ते काढायला मिळालेली सवड पुढच्या भरतीपर्यंतचीच. साडेबारा तासांनी समुद्र पुन्हा येणार हे कोळ्याला कुणी शिकवावं लागत नाही. वारा पडला नव्हता. पुन्हा भरती आली आणि रात्री अर्धवट उभं राहिलेलं तिनं पाडलं. शेवटी राहण्याजोगं एकच घर उरलं. ते प्रेटीजॉन कुटुंबाचं, वाडीतल्या सर्वांत उंच जागेवरचं. एलिझाबेथ प्रेटीजॉन पुढे 1964 मध्ये मरेपर्यंत तिथेच, कोंबड्या पाळत, एकटीनं राहिली.

घर गेलेल्यांत ट्राउट बहिणीही होत्या. वडील गेल्यावर एला आणि पेशन्स या पोरींनी स्वतःच होडी हाकायला घेतली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ‘न्यूहोम’ हे जहाज सुरुंगावर आदळलं. एला लहान चुलतभावाला घेऊन समुद्रातच होती. ती वल्ही मारत गेली आणि बुडणाऱ्या एका खलाशाला तिनं होडीत घेतलं. त्याबद्दल तिला ओबीई किताब मिळाला. ज्या सरकारनं तिच्या घरापुढची पुळण उपसायला दिली, त्याच सरकारचा हा किताब. पुढे बहिणींनी कड्यावर, सुरक्षित उंचीवर, स्वतःच्या हातानं काँक्रीटचे ठोकळे पाडून अतिथिगृह उभारलं.

भरपाईसाठी मात्र सगळ्यांना झगडावं लागलं. पडझडीचं कारण उपसा हेच होतं, असं सांगणारा अहवाल सरकारकडे आला होता. तो प्रसिद्ध केला गेला नाही. वाडीचे लोक तो न पाहताच वाटाघाटींना बसत राहिले. सात वर्षांनी 6,000 पौंडांवर तडजोड झाली आणि त्यातून थोडी नवी घरं किनाऱ्यापासून आत, वरच्या बाजूला बांधली गेली. डेव्हनपोर्टची विस्तारलेली गोदी त्याआधीच, 1907 मध्ये, सुरू झालेली होती.