एमजीबी मोटारीतील शक्तिप्रेषण यंत्रणेचे कंपन

एमजीबी ही ब्रिटनमधील एमजी या कंपनीने १९६२ ते १९८० या काळात उत्पादित केलेली स्पोर्ट्स कार होय. इंजिनाची शक्ती मागील चाकांपर्यंत नेणाऱ्या तिच्या यंत्रणेत उद्भवणाऱ्या कंपनाचे कारण शोधणे, हा जुन्या मोटारींच्या देखभालीतील एक किचकट विषय आहे. कंपन आसनाखाली जाणवते, परंतु त्याचे मूळ इंजिनापासून टायरपर्यंत कोठेही असू शकते. अंदाजाने एकेक भाग बदलत जाणे खर्चिक तर असतेच, शिवाय प्रत्येक खोलजोडीत नवा दोष शिरण्याचा संभव असतो. कंपन कोणत्या फिरत्या भागाच्या गतीबरोबर बदलते हे आधी ठरवणे, ही निदानाची योग्य रीत होय.

रचना

१,७९८ घन सेंमी क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन पुढे, त्यामागे क्लच व गिअरबॉक्स, तेथून पोलादी नळीचा एकसंध प्रॉपेलर शाफ्ट आणि शेवटी कमानपाट्यांवर बसवलेला मागील अ‍ॅक्सल, अशी ही मांडणी आहे. शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात. त्यांतील अधिकाच्या आकाराच्या भागामुळे गॅरेजच्या बोलीत त्यांना ‘क्रॉस’ म्हणतात. अ‍ॅक्सल खालीवर होताना शाफ्टची लांबी बदलावी लागते, म्हणून पुढील टोकाशी खाचांचा सरकता सांधा असतो.

गतीवरून निदान

चौथ्या गिअरमध्ये इंजिन व शाफ्ट एकाच गतीने फिरतात. ताशी १०० किमी वेगाला ही गती मिनिटाला सुमारे ३,४७० फेरे, म्हणजे सेकंदाला ५८ फेरे असते. अ‍ॅक्सलमधील गुणोत्तर ३.९०९ असल्याने चाके मात्र सेकंदाला साधारण १५ फेरे घेतात. म्हणून सावकाश, मोजता येईल अशी थरथर चाक, टायर किंवा ब्रेकड्रमकडे बोट दाखवते. दाट गुणगुण शाफ्टकडे किंवा इंजिनाकडे. मोबाईलमधील त्वरणमापकाने चाकांची कंपने बरी मोजता येतात. मात्र सेकंदाला १०० वेळाच मोजणी करणाऱ्या मोबाईलवर ५० हर्ट्झच्या वरची कंपने चुकीची दिसतात, म्हणून शाफ्टच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

इंजिन आणि शाफ्ट यांत भेद करणे हा खरा प्रश्न, कारण चौथ्या गिअरमध्ये दोघांची गती सारखीच. ज्या गाड्यांना ओव्हरड्राइव्ह आहे त्यांत हा भेद सहज होतो. वेग तोच ठेवून ओव्हरड्राइव्ह लावल्यास शाफ्टची गती कायम राहते, पण इंजिनाची सुमारे एक-पंचमांशाने घटून सेकंदाला ४७ फेऱ्यांच्या आसपास येते. कंपन जसेच्या तसे राहिले तर इंजिन, फ्लायव्हील आणि क्लच निर्दोष समजावेत. ओव्हरड्राइव्ह नसल्यास मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये घरंगळू द्यावी. निष्कर्ष तोच निघतो. उलट उभ्या गाडीत केवळ इंजिनाची गती वाढवून कंपन आले, तर शाफ्टला हात लावण्याचे कारणच उरत नाही. चार सिलिंडरांच्या एका ओळीतील इंजिनात फेऱ्यागणिक दोनदा होणारे थोडे कंपन स्वाभाविकच असते. रबरी माउंटिंग कडक झाली की ते दोष वाटू लागते.

युनिव्हर्सल जॉइंट

हा सांधा कोनात फिरला की बाहेर पडणारी गती एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होते. कोन १० अंश असल्यास हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे दीड टक्का असतो. दुसऱ्या सांध्याचा कोन तेवढाच असेल आणि दोन्ही सांध्यांचे काटे एका रेषेत असतील, तर हा चढउतार आपोआप रद्द होतो. सरकता सांधा एखादी खाच चुकवून बसवला की हा मेळ बिघडतो आणि सर्व भाग नवे असूनही गाडी थरथरते. म्हणून खोलण्यापूर्वी शाफ्टवर आणि दोन्ही फ्लँजांवर खुणा करणे अनिवार्य मानले जाते. बसके झालेले कमानपाटे किंवा गाडी मुद्दाम खाली बसवणे यांमुळेही कोन असमान होतात.

तपासणीसाठी चाकांना अडण्या लावून व गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून सांध्याच्या दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना पिळाव्यात. किंचितही ढिलेपणा जाणवला तर सांधा बदलावा. टोप्यांभोवतीची तांबूस भुकटी वंगण संपल्याचे लक्षण होय. येथे एक फसगत होते: गंजून जखडलेल्या सांध्यात ढिलेपणा अजिबात नसतो, तरी तो कंपन निर्माण करतो. तो शाफ्ट काढून हाताने हलवल्यावरच ओळखू येतो. पुढील सांधा वेगात तुटला तर शाफ्टचे टोक रस्त्यावर आदळते, त्यामुळे या दोषाकडे दुर्लक्ष करणे जिवावर बेतू शकते.

असमतोल

नळीला पोचा पडणे किंवा समतोलासाठी डकवलेली पट्टी गळून पडणे यांमुळे शाफ्ट असमतोल होतो. असमतोलाचा जोर गतीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की चौपट. शाफ्टवर नळीचे क्लँप आवळून व त्यांचा स्क्रू थोडाथोडा फिरवून काही जण समतोल साधतात, पण निदानापलीकडे या युक्तीचा भरवसा धरू नये. शाफ्ट यंत्रावर समतोल करून घेणेच बरे. अशी चाचणी गाडी उचलून करताना स्टँड अ‍ॅक्सलखाली लावावेत. बॉडीखाली लावल्यास अ‍ॅक्सल लोंबतो, सांध्यांचे कोन बदलतात आणि रस्त्यावर नसलेलेच कंपन गॅरेजमध्ये दिसू लागते.