रानडुकरामागचे श्वानवंश : दम आणि ओढ यांची पारख

रानडुकरांच्या शिकारीसाठी राखलेल्या कुत्र्यांचे घराणे जोखताना दोन गुण प्रामुख्याने पाहिले जातात. तासन्‌तास पळूनही शरीराने साथ न सोडणे हा दम. माग विरला, दलदल आडवी आली, सोबतचे कुत्रे माघारी फिरले, तरी डुकराचा पिच्छा न सोडणे ही ओढ. अमेरिकेच्या दक्षिणेकडील लुइझियाना, टेक्सास, मिसिसिपी, फ्लोरिडा या राज्यांत ही पारख पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दोन्ही गुण एकाच कुत्र्यात असतातच असे नाही, आणि एका कुत्र्यात दिसले म्हणून ते त्याच्या पिल्लांत उतरतीलच असेही नाही.

डुक्कर हा मूळचा अमेरिकी प्राणी नव्हे. एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने १५३९ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर उतरताना शिधा म्हणून जिवंत डुकरे सोबत आणली. नंतरच्या वसाहतकऱ्यांनीही आपली डुकरे रानात मोकळी चरू दिली. १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील हूपर बाल्ड या डोंगरावरच्या खासगी शिकारक्षेत्रात युरोपातली अस्सल रानडुकरे आणून सोडली गेली. तीही पुढे कुंपणाबाहेर पसरली. आज तीसहून अधिक राज्यांत मिळून साठ लाखांच्या वर मोकाट डुकरे असल्याचा सरकारी अंदाज आहे. मका, भुईमूग, भात यांची शेते ती एका रात्रीत नांगरल्यासारखी उकरतात.

या शिकारीत कुत्र्यांची कामे वाटलेली असतात. ‘बे डॉग’ माग काढतो, डुकराला गाठतो आणि समोर उभा राहून भुंकत त्याला जागीच अडवून धरतो. लुइझियानाने १९७९ मध्ये राज्याचा कुत्रा म्हणून मान दिलेला कॅटाहूला, ब्लॅक माउथ कर आणि प्लॉट हाउंड हे या कामातले नावाजलेले वंश. ‘कॅच डॉग’ हा बहुधा बुलडॉगच्या रक्ताचा असतो. डुक्कर अडेपर्यंत त्याला साखळीलाच ठेवतात. सोडल्यावर तो कान किंवा जबडा पकडतो. त्याचे काम काही मिनिटांचे, त्यामुळे दमाचा प्रश्न मुख्यतः बे डॉगपुरता उरतो.

अनुभवी शिकारी नेमके काय पाहतो? कुत्र्याने डुक्कर गाठले यापेक्षा अडवलेले डुक्कर निसटल्यावर कुत्र्याने काय केले, याकडे त्याचे जास्त लक्ष असते. सुळेवाला जुना नर एका जागी फार वेळ थांबत नाही. झुडपांचा आडोसा मिळताच तो मुसंडी मारून निघतो, साचलेल्या पाण्यातून पोहत पलीकडे जातो आणि पुन्हा पळत सुटतो. पहिल्या फेरीत चार कुत्रे भुंकत असतात. दुसऱ्या वेळी तीन उरतात. तिसऱ्या वेळी एकाचाच आवाज येतो आणि तोही दूरवरून. कोण आधी गाडीकडे परतला, कोण पाण्याच्या काठाशी घोटाळला, कोण गुडघाभर चिखलातून पलीकडे गेला, हे शिकारी लक्षात ठेवतो. आणखी एक खूण तो दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो : रात्रभर पळालेला, पंजे सोललेला कुत्रा गाडीचे दार उघडताच स्वतःहून उडी मारतो, की त्याला उचलून ठेवावे लागते.

जीपीएस पट्टे आल्यापासून या निरीक्षणाला आकड्यांची जोड मिळाली. कुत्रा किती किलोमीटर धावला, कुठे थांबला, किती वेळाने परतला, हे सारे हातातल्या पडद्यावर दिसते. मात्र नुसते अंतर फसवे असते. हरणामागे भरकटलेला कुत्राही पंधरा किलोमीटर पळतो. धावेच्या शेवटी डुक्कर होते का, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

स्पर्धांचे मैदान या बाबतीत आणखी अपुरे पडते. लुइझियानातल्या विनफील्ड येथे भरणारी ‘अंकल अर्ल्स हॉग डॉग ट्रायल्स’ ही या क्षेत्रातली सर्वांत प्रसिद्ध स्पर्धा. डुकराच्या शिकारीचे शौकीन असलेले गव्हर्नर अर्ल लाँग यांच्या नावाने ती चालते. अशा स्पर्धांत कुंपणाच्या आत, बहुधा दोन मिनिटांत, कुत्रा डुकराला कसा अडवतो यावर गुण दिले जातात. कुत्र्याने डुक्कर तोंडात धरले तर गुण कापले जातात, आणि लुइझियानाच्या कायद्यात डुक्कर-कुत्रा झुंजींवरील बंदीतून अशा स्पर्धांना वगळताना हीच अट घातलेली आहे. नजर, आवाज आणि संयम यांची परीक्षा इथे चांगली होते. दम मात्र दोन मिनिटांत कळत नाही. कुंपणातला विजेता पाहून पैदाशीचा नर निवडणाऱ्याला रानात निराशा पदरी येते, ती यामुळेच.

मग वंश कसा जोखावा? गाजलेल्या कुत्र्याच्या बापाचे नाव विचारण्यापेक्षा त्याच्या सोबत जन्मलेली इतर पिल्ले कुठे आहेत, हे विचारावे. आठ पिल्लांच्या वेतातून एकच नामांकित निघाला आणि सात जण अर्ध्या तासात परतणारे असतील, तर तो कुत्रा थोर, पण वंश साधारण. सहा पिल्ले रात्रभर टिकणारी निघाली, तर त्यांतल्या एकाचेही नाव कुणाला माहीत नसले तरी ते वेत मोलाचे. जाणते पैदासकार म्हणून नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना दिलेल्या पिल्लांचीही नोंद ठेवतात, नापास झालेल्यांचीसुद्धा. वेगवेगळ्या घरी, वेगवेगळ्या खाण्यावर वाढूनही भावंडांत तोच गुण दिसला, तर तो केवळ तालमीचा नव्हे असे म्हणता येते.

विज्ञानही सावध राहायला सांगते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अमेरिकी पाहणीत स्वभावातील फरकांपैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीच्या नावावरून सांगता आले. कामासाठी काटेकोर निवडलेल्या कुत्र्यांत मात्र चित्र वेगळे दिसते. अलास्काच्या स्लेज कुत्र्यांवरील २०१० च्या जनुकीय अभ्यासात लांब पल्ल्याच्या टिकाऊपणाचा संबंध मॅलम्यूट आणि सायबेरियन हस्कीच्या रक्ताशी, वेगाचा पॉइंटर व सलुकीशी, तर काम न सोडण्याच्या वृत्तीचा अनातोलियन शेफर्डशी आढळला. दम आणि ओढ वेगवेगळ्या वाटांनी वारसात येऊ शकतात, हा शिकाऱ्यांचा जुना अनुभव त्यातून पुष्ट होतो.

ओढ दमापेक्षा जास्त असलेला कुत्रा स्वतःचाच जीव घेतो. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. उष्णता बाहेर टाकायला धापेवरच भिस्त. विश्रांतीत ३८ ते ३९ अंश सेल्सियस असलेले त्याचे तापमान ४१ च्या वर गेले की उष्माघात ओढवतो, आणि डुकराच्या नादाला लागलेला कुत्रा आपणहून थांबत नाही. म्हणून किती वेळ पळाला याइतकेच, थांबल्यावर किती लवकर सावरला हे पाहणे गरजेचे. उलट बाजूने, मध्येच कच खाणारा कुत्रा भेकडच असतो असे नाही. मेक्सिकोच्या आखाताकाठी डासांवाटे पसरणारा हार्टवर्म हा जंत हृदयात आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत वाढतो, आणि कुत्र्याची धाव हळूहळू आटते. वंशाला बोल लावण्याआधी पशुवैद्याकडून ही तपासणी करून घेणे हे त्या कुत्र्याशी न्यायाने वागणे आहे.

जवळच्या नात्यात पैदास करून गुण पक्के करण्याचा मोह मोठा असतो. बाप आणि लेक यांच्या पिल्लांत एकट्या या नात्यामुळे आंतरप्रजननाचा गुणांक २५ टक्क्यांवर जातो. अशा पैदाशीत पिल्लांची संख्या, प्रतिकारशक्ती आणि दम खालावण्याचा धोका असतो. कॅटाहूलाच्या चितकबऱ्या रंगाचे जनुक आईबापांकडून दुहेरी आले, तर पिल्लू बहिरे किंवा आंधळे निपजू शकते. ज्या कुत्र्याला सोबत्याचे भुंकणेच ऐकू येत नाही, त्याला रानात सोडणे म्हणजे मरणाच्या तोंडी देणे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुकरावर कुत्रे सोडणे गुन्हा आहे. महाराष्ट्रात पिकांच्या नासाडीसाठी वनखात्याकडून भरपाईची तरतूद आहे. मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रात आढळणारा कारवानी कुत्रा वासापेक्षा नजरेवर पळणारा, उघड्या माळावर ससा गाठणारा. त्याच्या वेगाचे मोजमाप या शिकारी वंशांना लावता येत नाही.

या पारखीतली सर्वांत मोठी अडचण काळाची आहे. बे डॉगचा खरा कस साधारण तिसऱ्या वर्षापासून दिसतो. त्याच्या पिल्लांचा कस कळेपर्यंत तो सहा-सात वर्षांचा होतो, आणि नातवंडांचा कळेपर्यंत बहुधा म्हातारा किंवा डुकराच्या सुळ्याने गेलेला असतो. त्यामुळे काही पैदासकार तरण्या नराचे वीर्य गोठवून ठेवतात आणि वंशाची खात्री पटल्यावरच वापरतात. मादीच्या बाबतीत ही सोय हाताशी नाही. तिची मोजकीच वेते, तीही ऐन शिकारीच्या वयात घ्यावी लागतात, आणि त्या हंगामात तिला रानाबाहेर ठेवायला तयार असलेले मालक थोडेच असतात.