गरोदर बाईला तो प्रश्न कोण विचारणार?

सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीमाईंनी जोतीरावांसह १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाची बाजू लढवली. बाईचे गरोदरपण हा घरातला खासगी मामला नाही, ही आमची परंपरा!

मार्च २०१७ मध्ये मिरजेजवळच्या म्हैसाळला बेकायदा गर्भपातात एक विवाहिता दगावली, पुढे १९ भ्रूण पुरलेले सापडले. गदारोळ झाला तो डॉक्टरवर. ‘मुलगी नको’ म्हणून बाईवर घरातून येणारा दबाव ही कौटुंबिक हिंसाच आहे, हे मात्र फारसे कोणी बोलले नाही. साताऱ्यात ‘लेक लाडकी अभियान’ने सोनोग्राफी केंद्रांवर धाडसी सापळे रचले. पण सोनोग्राफीच्या आधी घरात काय घडते?

ते दवाखान्यातच विचारता येते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले, तिथे परिचारिका छळाच्या खुणा ओळखायला शिकल्या. २००५ चा कायदाही आला. आमच्या आरोग्य केंद्रांत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघतात. ‘घरी मारहाण होते का?’ हेही विचारा. मात्र सासू-नवऱ्याला बाहेर बसवून. त्यांच्यादेखत विचारले, तर रात्री मार तिलाच बसेल.